मुन्सफाचा दगड

कोळवडीच्या शिवेवर, ओढ्याच्या अलीकडे एक काळा दगड आहे. बसून बसून गुळगुळीत झालेला. शेजारी पाण्याचा रांजण. वाटसरू तिथं टेकला की गावातलं जे कुणी जवळ असेल ते आधी तांब्या पुढं करतं, नावगाव मागाहून. असं का, ते जुनी माणसं सांगतात.

इंग्रजी अमलात या गावचे अंताजीपंत वकील झाले. आईबापावेगळं पोर, यमूआत्यानं वाढवलेलं. जिभेवर सरस्वती, त्यामुळे वकिलाचा मुन्सफ व्हायला वेळ लागला नाही. गावानं साखर वाटली. पुढं त्यांच्यासमोर ओढ्याचाच खटला आला. कोळवडीनं बांध घातला होता आणि खालच्या पिंपरखेडचं पाणी तुटलं होतं. आपलाच माणूस न्यायाला बसलाय म्हणून गाव निर्धास्त. पंतांनी कागद पाहिले आणि बांध फोडायचा हुकूम दिला.

गाव चवताळलं. पंचांनी ठरवलं, "त्यानं शिवेवर येऊन चुकलो म्हणावं, प्यायला पाणी मागावं, मग द्यावं. न मागता थेंब नाही." निकाल तर खरा होता, चुकलो कसं म्हणायचं? पंतांनीही शपथ घेतली, गावानं आपणहून पाणी दिल्याशिवाय शीव ओलांडणार नाही. एकाच ओढ्याचं पाणी प्यालेले दोघं, ताठाही सारखाच.

पंत चढत गेले. जिल्ह्याचे जज्ज झाले, मग मुंबईच्या कौन्सिलात बसले. ते बोलायला उठले की सभा चिडीचूप व्हायची म्हणे. पण चांदीच्या पेल्यातलं पाणी एक घोट घेऊन खाली ठेवायचे. त्याला ओढ्याची चव नव्हती. दर चैत्रात जत्रेला ते या दगडावर येऊन बसत. ढोल ऐकत, आत्याच्या घराची कौलं शोधत आणि ऊन कललं की तहानलेलेच परत फिरत. जीव तुटायचा, तिकडं त्यांचा आणि इकडं गावाचा. पण आधी बोलायचं कुणी?

शपथेला सोळावं वर्ष लागलं, त्या जत्रेला आत्याला राहवलं नाही. "जळला मेला तुमचा ठराव! लेकरानं मागायची वाट बघायची होय?" असं म्हणत ती भरला तांब्या घेऊन शिवेवर आली. दगड रिकामा होता. ती बसून राहिली. दिवस मावळताना पंतांचा कारकून आला, एकटाच. पंत चार दिवसांपूर्वी गेले होते. शेवटी तोंडात गंगाजळ घालू लागले, तर त्यांनी विचारलं म्हणे, "कोळवडीचं आहे का?"

आत्यानं तांब्या दगडावर ओतला. गोळा झालेल्या गावाला एवढंच म्हणाली, "पुन्हा या शिवेवर कुणाला पाणी मागायला लावाल, तर माझी शपथ आहे."

आजही इथं कुणाला पाणी मागावं लागत नाही. जत्रेचा पहिला तांब्या दगडावर ओततात. चैत्राचं ऊन, पाणी बघता बघता सुकतं. "प्याले गं," असं बायका म्हणतात आणि दुसरा तांब्या भरायला ओढ्यावर जातात.