टेम्पोची पाठ उन्हाकडे

एका गावात एक भोळा टेम्पोवाला होता. दुसऱ्या कुणाचं नाव घालून सांगितलं असतं, पण गावात कुणाचा विश्वास बसला नसता. तर तो मीच. माझं नाव हिंदुराव. नाव तेवढं भारदस्त आहे.

माझ्या बायकोला, कौसाला, समुद्र बघायचा होता. आमची थोरली वहिनी, सुंदराक्का, एकदा समुद्र बघून आली आणि तेव्हापासून वर्षभर तेच ऐकवत होती. टीव्हीवर तिने एक शंख ठेवला होता. कौसा तिच्याकडे गेली की ती तो शंख पुसायला घ्यायची.

कौसा म्हणाली, "अहो, मला न्या. परत आल्यावर आक्काला काय सांगायचं, ते मी बघते."

मी म्हातारा टेम्पो घेतला आणि त्याचं फिरतं घर केलं. आत खाट आणि स्टो बसवला. उकाड्यात कौसाला झोप लागत नाही, म्हणून पंखाही लावला. पंख्यासाठी बॅटरी आणली, बॅटरीसाठी टपावर सोलर पॅनल. राहिला फक्त कंट्रोलर. तो आणायला तालुक्याला रज्जाकभाईंच्या बॅटरीच्या दुकानात गेलो.

"ऊन काय, पॅनलमधून येतच राहतंय," रज्जाकभाई म्हणाले. "बॅटरी भरली की त्याला थांबवणारा मध्ये कुणीतरी पाहिजे. न्हाईतर बॅटरी उकळती. पॅनल केवढं हाय तुझं?"

"दारापेक्षा जरा लहान."

"तसं न्हाई, बाबा. उलटं करून बघायचं. पाठीमागं लिहिलेलं असतंय. आणि बॅटरीवरचंही वाचून ये."

घरी येऊन पॅनल उलटं केलं. खरंच लिहिलेलं होतं. रज्जाकभाई शहाणा माणूस. मग बॅटरी घेतली आणि तीही उलटी केली. बुडाला काहीच लिहिलेलं नव्हतं. आतलं तेजाब मात्र खाटेवरच्या नव्या गोधडीवर सांडलं. गोधडीला अशी भोकं पडली की पलीकडचं दिसायला लागलं.

बॅटरी घेऊन पुन्हा तालुक्याला. रज्जाकभाईंनी डोक्याला हात लावला. बॅटरी ठीक करायला ठेवून घेतली आणि म्हणाले, "आता कंट्रोलरचं ऐक. अगदी मापाचा घ्यायचा न्हाई, तापतो. लागतो त्यापेक्षा जरा मोठा घ्यायचा. बॅटरीबरोबरच ने."

हे मला फार पटलं. येताना कौसाला समुद्रावर घालायला चपला घेतल्या. लागतात त्यापेक्षा जरा मोठ्या, म्हणजे तापायच्या नाहीत. कौसाने त्या घातल्या आणि उंबऱ्यातच पालथी पडली.

"अहो, ज्याच्यासाठी घ्यायचं त्याला संगं न्यावं," ती गुडघा चोळत म्हणाली. "घालून बघावं, मग घ्यावं."

यात चुकीचं काय होतं? कंट्रोलर पॅनलसाठी घ्यायचा होता. मी टपावरून पॅनल उतरवलं, डोक्यावर घेतलं आणि एसटीत चढलो. कंडक्टर म्हणाला, "हे काय?"

"ह्याला घालून बघायचाय."

त्याने तिकीट दोघांचं फाडलं.

रज्जाकभाईंनी मला पॅनलसकट दारात बघितलं आणि खुर्चीत बसूनच राहिले. मग दोन कंट्रोलर पुढे ठेवले. "हा साधा. हा हुशार, कमी उन्हातही जास्त वसूल करतो. तू हुशार घे. गाडीत एक तरी असू दे."

आणि स्वतः येऊन सगळं बसवून दिलं. मला काही सांगण्यापेक्षा ते सोपं पडलं असणार. पॅनल टपावर मागच्या बाजूला कलतं बसवलं आणि जाताना म्हणाले, "लाल दिवा म्हणजे बॅटरी उतरली. हिरवा म्हणजे भरली. गाडीची पाठ उन्हाकडे ठेवत जा. एवढं विसरू नको."

मी विसरत नाही. माझं तिथेच चुकतं.

उजाडता निघालो. म्हैस सुंदराक्काच्या हवाली केली. ऊन पाठीमागे, समुद्र पुढे, दिवा हिरवा. घाट उतरलो. दुपारी वाऱ्याला खारट वास यायला लागला. वाटेतला एक चहावाला म्हणाला, "ते वळण घेतलं की समुद्रच."

झाडाखाली थांबून दशम्या खाल्ल्या. कौसा रात्रभर त्याच करत बसली होती. पंखा लावून आडवी झाली आणि म्हणाली, "समुद्र येईपर्यंत उठवू नका."

इतक्यात लाल दिवा लागला. वर बघतो तर ऊन कललं होतं आणि गाडीच्या तोंडावर येत होतं. पंखा बंद पडला तर कौसाची झोप मोडणार. मी गाडी उन्हात काढली आणि वळवली. पाठ उन्हाकडे झाली. तशीच उभी ठेवावी असं वाटलं, पण समुद्राला पोचायला उशीर झाला असता. म्हणून जोरात निघालो.

मघाचाच चहावाला पुन्हा भेटला. "झाला का समुद्र बघून?"

"न्हाई अजून. तिकडंच निघालोय."

घाट लागला. गावं ओळखीची वाटायला लागली. परक्या मुलखात ओळखीचं काही दिसलं की किती बरं वाटतं! दिवा हिरवा झाला. पंखा गरगरत होता, कौसा घोरत होती. सगळं मनासारखं चाललं होतं.

दिवस मावळायला रस्ता संपला. गाडी थांबली. आतून आवाज आला, "आला का हो समुद्र?"

मी समोर बघितलं. "कौसा, म्हैस आहे."

"समुद्रावर म्हैस? असंल. मी डोळे मिटूनच उतरते."

तिने लुगडं वर खोचलं, चपला काढल्या आणि मागच्या दाराने उतरली. पाय ओल्यात पडला. तिचं तोंड असं खुललं की मला रडू यायची वेळ आली.

"गार आहे हो," ती म्हणाली.

नुकतीच म्हैस धुऊन सुंदराक्का बादली घेऊन उभी होती. "आलात पण? एवढ्यात? कसा होता गं समुद्र?"

कौसाने डोळे उघडले. म्हशीकडे बघितलं, बादलीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

काहीतरी चांगलं सांगायला हवं होतं.

"कौसा," मी म्हणालो, "बॅटरी फुल आहे."