गिरणीतला पूर्वपक्ष

नदीकाठच्या एका लहान गावात एकदा एक मुलगी तत्त्वज्ञानात एम.ए. करत होती. तिचं नाव नलिनी. तिच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. सकाळी ती एस.टी.ने शहरातल्या कॉलेजात जाई आणि परतल्यावर गिरणीमागच्या खोलीत वाचत बसे. पट्ट्याचा एकसुरी आवाज, उन्हाच्या तिरिपेत तरंगणारं पीठ आणि पुस्तकात प्रश्न असे, की हे जग खरं की स्वप्न. वाचता वाचता कधी तिलाच कळेनासं होई, की आपण जाग्या आहोत की नाही.

तिचे वडील, आप्पा, अधूनमधून टोमणा मारत. जग खोटं असेल तर पीठही खोटंच, मग आज भाकरी नको ना तुला, असं विचारत. दळण घेऊन आलेल्या बायका हसत. नलिनीही हसे. पण पहिलं वर्ष संपलं, तेव्हा आप्पांनी एकदा खाली बघत सांगितलं, की झालं एवढं पुरे, पुढचं वर्ष नको.

नलिनीने पुष्कळ वाद घातला. पुढे नोकरी मिळू शकते हे सांगितलं, लोकांकडे कशाला बघायचं हेही सांगितलं. ती बोलू लागली, की आप्पा गिरणी सुरू करत. मग तिचे शब्द त्या आवाजात बुडून जात.

शेवटी ती गुरुजींकडे गेली. गुरुजी कॉलेजातून कधीचेच निवृत्त झालेले, पण विद्यार्थी अजून त्यांच्या ओसरीवर येऊन बसत. आप्पांना तुम्हीच समजवा, तुमच्यापुढे त्यांचं काही चालणार नाही, असं तिने विनवलं. गुरुजींनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ज्वारीचा डबा घेऊन ते गिरणीत आले.

आता वाद होणार, म्हणून आप्पा स्टुलावर सावरून बसले आणि नलिनी मागच्या खोलीतून पुढे आली. पण गुरुजी दळण होईपर्यंत पडणारं पीठ बघत राहिले. मग गिरणी थांबली. पीठ अजून हवेत होतं, हळूहळू खाली बसत होतं.

"नलू, तू आप्पांच्या स्टुलावर बस," गुरुजी म्हणाले. "आणि आप्पा, तुम्ही जरा इकडे माझ्याजवळ या."

दोघांनाही ते चमत्कारिक वाटलं, पण म्हाताऱ्या माणसाचा शब्द मोडवेना.

"समोरच्याला उत्तर देण्याआधी आपण त्याचं म्हणणं मांडायचं, ही आपल्या शास्त्राची जुनी रीत," गुरुजी म्हणाले. "ते ऐकून त्याने 'हो, हेच माझं म्हणणं' असं कबूल केलं पाहिजे. हा झाला पूर्वपक्ष. परीक्षेत तू हे लिहिलं असशील. आज आप्पांचा मांड."

नलिनीला वाईट वाटलं. तिने गुरुजींना आपली बाजू घ्यायला बोलावलं होतं. तरी ती म्हणाली, "या विषयाला नोकरी नाही."

आप्पांनी 'हे नव्हे' अशी मान हलवली.

"लोक हसतात."

"हसू देत की," आप्पा म्हणाले. "सगळ्यांत जास्त तर मीच हसतो."

नलिनीने समोर पाहिलं. या स्टुलावर ती कधी बसली नव्हती. तिथून समोर फक्त दार दिसत होतं, दारापलीकडे सरळ रस्ता, आणि रस्त्याच्या टोकाला एस.टी.चा थांबा. पिठाच्या धुक्यातून तो थांबा फार दूरचा वाटत होता, एखाद्या परगावातला असावा तसा. ती बराच वेळ तिकडे बघत राहिली. मग बोलू लागली, आणि तो आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

"रोज सकाळी मला इथून तुझी पाठ दिसते. ती लहान लहान होत जाते. संध्याकाळी तू परत येतेस, पण जे घेऊन येतेस त्यातलं मला काही समजत नाही. म्हणून मी थट्टा करतो. थट्टा केली, की निदान माझ्याकडे बघून हसतेस तरी. आणखी एक वर्ष गेलं, तर जेवलीस का, याखेरीज तुला विचारायला माझ्याजवळ काही उरायचं नाही."

आप्पा पंच्याने तोंड पुसू लागले. पीठ केव्हाच निघालं होतं, तरी पुसत राहिले.

"हो," ते म्हणाले. "हेच."

आता काय उत्तर देऊ, अशा नजरेने नलिनीने गुरुजींकडे पाहिलं.

"इतके दिवस तू उत्तरं दिलीस, पण ज्याला दिलीस ते यांचं म्हणणं नव्हतंच," गुरुजी हळू म्हणाले. "खोडायला सोपं असं काहीतरी यांच्या तोंडी घातलंस, आणि तेच खोडत बसलीस. दुसऱ्याच्या जागी बसून त्याचं म्हणणं त्याच्याइतक्याच कळवळ्याने सांगता आलं, तिथून ही विद्या सुरू होते, बाळ. पुढचं उत्तर मी सांगणार नाही. ते तुम्हा दोघांजवळ आहे."

आपला डबा उचलून ते निघून गेले.

नलिनी उठली आणि आप्पांशेजारी धान्याच्या पोत्यावर बसली. मग तिने पुस्तकातला दाखला सांगायला घेतला, की एक माणूस तिन्हीसांजेला चालला होता. वाटेत दोरी पडली होती, ती त्याला साप वाटली, आणि त्याचे हातपाय गळाले.

"मग?" आप्पांनी विचारलं.

दारात कुणी बाई दळण घेऊन आली. आप्पांनी तिला हातानेच थांबायला सांगितलं.

सुट्टी संपून कॉलेज उघडलं, तेव्हा नलिनी पुन्हा सकाळच्या एस.टी.ला निघाली. आज काय शिकवतात ते आल्यावर सांग, असं आप्पांनी बजावलं. रस्त्याच्या टोकाशी पोचल्यावर ती थांबली आणि मागे वळली. स्टुलावर बसल्या जागेवरून आप्पांना तिचा चेहरा दिसला.