मेलेल्या बैलाची खांदेमळणी

विषय : राजरथाच्या चामडी बैठकीस तेल लावण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : खुद्द महाराजांचा अर्ज.

माळरानापलीकडे एक राज्य आहे. तिथली जुनी रीत अशी, की रथाचा बैल म्हातारा होऊन मेला म्हणजे त्याच्या कातड्याने रथाची बैठक मढवायची. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी राजा बाह्या सरसावून जिवंत बैलांचे खांदे हळद-तुपाने मळत असे. मग रथात चढून बैठकीलाही एरंडेल चोळत असे, भेगांत मेण भरत असे, उसवलेल्या शिवणीला टाका घालत असे. ओझं दोघेही वाहतात, एवढाच त्यामागचा विचार.

नवा राजा हुशार होता. "मेलेल्या बैलाची कसली खांदेमळणी?" म्हणून तो हसला. दरबारही हसला, दरबाराला तेवढंच काम होतं. यापुढे दरबाराच्या मंजुरीशिवाय बैठकीला तेलाचं बोट लावू नये, असा हुकूम निघाला.

चामडं सुकलं, तडकलं. राजाने वर मखमली खोळ घातली. खोळीखालून कुरकुर ऐकू येऊ लागली, तेव्हा दुसरी घातली.

एका दुपारी रथ ओढता ओढता बैल थांबला आणि मान वळवून म्हणाला, "राजा, उतर खाली. तुझ्याखाली माझा थोरला भाऊ तहानलाय."

राजाने प्रधानाकडे पाहिलं. "बैल बोलला?"

"अधिकृतपणे नाही, महाराज."

राजा उतरला नाही. संध्याकाळी त्याच्या पाठीवर बारीक भेगा दिसल्या. रक्त नाही, वेदना नाही, फक्त कोरडेपणा. वैद्याने वाटीभर लोणी चोळलं. ते पाठीत जिरलं, आणि सकाळी रथातली बैठक चकाकत होती.

राजाने रथात बसणं सोडलं. भेगा तरीही मानेपर्यंत आल्या. तो गोठ्यात बैलाकडे गेला.

"काय करू रे?"

"तुझ्या हाताने तेल लाव. दुसऱ्या कुणाचं तो घ्यायचा नाही."

राजा एरंडेलाची वाटी घेऊन रथाकडे धावला. पहारेकऱ्याने भाला आडवा धरला. "मंजुरी, महाराज?"

"अरे, राजा मीच आहे ना!"

"हुकूमही आपलाच आहे, महाराज."

राजाने अर्ज केला. दरबार भरेपर्यंत त्याचा आवाजही कुरकुरू लागला होता. प्रधान अर्ज वाचून मान वर करतो, तो सिंहासनावर नुसते कपडे.

रथाची बैठक आता मऊ आहे. एकही भेग नाही, आणि हात लावला तर कोमट लागते. रिकामा रथसुद्धा हल्ली जड जातो, अशी बैलाची तक्रार आहे. म्हणतो, "आत दोघे आहेत."

तात्पर्य : जे आपला भार वाहतं, त्याची निगा आपण राखली नाही, तर ते त्या निगेची किंमत आपल्याच अंगातून काढून घेतं.

अर्ज दरबाराने एकमताने मान्य केला आहे. खाली राजाची सही लागते. ती होईपर्यंत अर्ज प्रलंबित आहे.