दुपट्यातला फोन

डोंगराच्या कुशीतल्या खैरगावात सोजरबाई नावाची एक सुईण राहत होती. वरच्या वाडीत किंवा खालच्या वाडीत कुणा बाईला कळा सुरू झाल्या, की तिच्या फोनवर निरोप येई.

त्यामुळे तिच्या जिवाला एकच घोर होता. ऐन वेळी फोन बंद पडला तर? दिवस असो की रात्र, ती फोन चार्जरलाच लावून ठेवी. बॅटरी शंभर टक्क्यांवरून नव्याण्णववर आली, तरी ती धावत येऊन वायर तपासे. वर त्याला तान्ह्या बाळासारखे दुपट्यात गुंडाळी. हाताला ऊब लागली की तिला बरे वाटे.

सून गिरजा म्हणाली, "आत्याबाई, फोन तापलाय. काढा की जरा."

"ऊब आहे ती. तुझा नवराही अशाच उबेत वाढलाय."

"तरीच एवढे तापट निघालेत!" गिरजा हसली.

वर्ष सरले. चार्जरवरून काढला, की फोन घटकाभरात मान टाकू लागला. सोजरबाई जास्तच घाबरली. पूर्वी दिवस भरत आलेल्या बायकांना ती घरी जाऊन बघून येई. आता तिचा पाय फोनपासून हलेना.

एके दुपारी वीज गेली. तेवढ्यात फोन वाजला. "मावशी, लवकर या, कळा सुरू..." एवढेच ऐकू आले, आणि फोन काळा पडला. बोलणाऱ्याचा आवाज रडवेला होता, ओळखूच आला नाही. सोजरबाईने पुन्हा पुन्हा बटण दाबले. काही उपयोग झाला नाही.

दोघींचे दिवस भरले होते. वर चांगुणा, खाली हौसा. फोन कुणाकडचा? पंधरा दिवसांत तिने एकीलाही पाहिले नव्हते.

"तुम्ही वर जा, मी खाली पळते," गिरजा म्हणाली.

सोजरबाई धापा टाकत वर पोहोचली. चांगुणा अंगणात तांदूळ निवडत बसली होती. "मावशी, अशा घामाघूम का?"

म्हणजे फोन हौसाकडचा होता! सोजरबाई तशीच माघारी वळली आणि दोन उतार उतरून हौसाच्या दारात आली. आतून काहीच आवाज येत नव्हता. तिला उंबरा ओलांडवेना.

मग एक बारीक रडणे ऐकू आले.

आत गिरजा बाळाला पुसत होती. "नाळ गळ्याभोवती होती, आत्याबाई. सोडवली. कशी, ते विचारू नका." आणि ती रडू लागली.

दुसऱ्या दिवशी मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कादरभाईने फोन उघडला. बॅटरी पुरीसारखी फुगली होती.

"मावशी, बाळाला ऊब लागते, बॅटरीला सोसत नाही. चार्जिंगला असताना फोन उघडा ठेवा. विसाच्या आसपास आला की लावा, ऐंशीला काढा. सदानकदा शंभरावर ठेवली, की ती लवकर खचते."

नवी बॅटरी बसली. ऐंशीचा आकडा दिसला, तेव्हा चार्जर काढताना सोजरबाईचा हात घुटमळला.

"होऊ द्या की शंभर," गिरजाने चिडवले.

"नको गं. चांगुणेला बघून यायचंय." फोन पिशवीत टाकून सोजरबाई चढाला लागली.

तात्पर्य: भीतीने जपले, तर जपलेलेच आधी खचते. बॅटरी बेताने भरावी, गार ठेवावी. म्हणजे ती टिकते आणि आपणही आपल्या कामाला मोकळे राहतो.