मुका अंतरा

"पण दिवा तर लागलाय ना?" बुवांनी विचारलं.

श्रीपादने मान वर केली नाही. तो सतरंजीवर आडवा होऊन गाण्याच्या कीबोर्डच्या पाठीमागचं भोक निरखत होता.

"लागलाय, बुवा. पण कॉम्प्युटरला तो दिसत नाहीये."

"कोण? दिवा?"

"हा कीबोर्ड. मी जोडलाय. कॉम्प्युटर म्हणतो, काही जोडलेलंच नाही."

"हं…" बुवा म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले.

एके काळी नरहरबुवांनी नुसतं 'हं' म्हटलं तरी कुरुंदवाडच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बायका वर बघायच्या. आता त्या 'हं'मध्ये वाराच जास्त होता. गळ्याचं ऑपरेशन झालं, जीव वाचला आणि आवाज गेला. उरली ती कुजबूज. तीही डॉक्टरांनी जपून वापरायला सांगितली होती. खांद्याची शीर दुखावल्यामुळे डावा हात वर उठत नव्हता. भाता ओढवेना, तेव्हा बुवांनी पेटी दत्ताच्या देवळात भजनाला देऊन टाकली. घरात आता एकही वाद्य नव्हतं.

म्हणून तर श्रीपाद आला होता.

पुण्यात कुणाचं यंत्र अडून बसलं की फोन श्रीपादला जायचा. कुणाचा माइक मुका, कुणाच्या कीबोर्डचा पत्ता नाही. श्रीपाद फोनवरच सांगायचा, हे काढ, ते लाव, आता बघ. आणि गाडी सुरू व्हायची. त्याचा त्याला थोडा ताठाही होता. आज त्याच श्रीपादची गाडी त्याच्या गुरूसमोर चिखलात रुतली होती.

"काय काय करून पाहिलंस?"

"सगळं. दुसऱ्या भोकात लावलं. मधला जोड काढून थेट लावलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. दुसरं एखादं सॉफ्टवेअर कीबोर्ड धरून बसलं असेल म्हणून सगळी बंद केली."

"आणि?"

"ओळखच देत नाही."

बुवांच्या डोळ्यांत मिश्किली आली. "श्रीमंत झाला असेल."

श्रीपादला हसू आलं नाही. आज त्याला काहीतरी द्यायचं होतं, आणि देणाऱ्याच्याच हातात ते येत नव्हतं.

त्याच्याकडे बुवांच्या तालमीच्या जुन्या कॅसेट होत्या. त्यांतून त्याने बुवांचा एकेक सूर सुटा केला. मागची पेटी पुसली, तबला पुसला, रस्त्यावरच्या सायकलची घंटी पुसली. उरला निव्वळ बुवांचा 'आ'कार. मग प्रत्येक सूर त्याने कीबोर्डच्या एकेका पट्टीला बांधला. पट्टी दाबली की बुवा गाणार. भाता नको, गळा नको, एक उजवा हात पुरे.

हे करताना कित्येकदा त्याचे डोळे भरून आले होते. बुवांच्या आवाजाची त्याला तहान होती. दिवसभर रेकॉर्डिंगच्या स्टुडिओत नाना तऱ्हेचे आवाज हाताळून घरी गेला की तो दिवा न लावता बसायचा आणि त्याला तो एक आवाज हवा असायचा.

त्यातही एक गोष्ट अडकून राहिली होती. मुलतानी रागातली बुवांची ती चीज, ती बंदिश. तिचा पहिला भाग, स्थायी, श्रीपादला येत होती. पुढचा अंतरा येत नव्हता.

त्याचं कारण बुवांची रीत. स्थायी ते गाऊन शिकवत. अंतरा कधी कुणाला गाऊन दाखवत नसत. अंतऱ्याच्या दिवशी भात्याची खिटी लावून टाकत, डावा हात मांडीवर ठेवत आणि उजव्या हाताची बोटं मुक्या पट्ट्यांवरून फिरवत. समोर बसलेल्याने बोटं बघायची आणि गायचं. चुकलं तर बोट त्याच पट्टीवर पुन्हा पडे. आवाज नाही, रागावणं नाही. याला शिष्यमंडळी मुकी तालीम म्हणत.

तरण्या श्रीपादला याचा संताप यायचा. "जे ऐकूच येत नाही ते गाऊ कसं?" असं तो एकदा तोंडावर बोलला. बुवांनी पट्टीवर बोट ठेवलं आणि वाट पाहिली. श्रीपाद उठला, चपला घातल्या आणि पुण्याला गेला. पुढे सणासुदीला येऊन पाया पडून जायचा. समोर तालमीला मात्र कधी बसला नाही.

साहजिकच कुठल्याही कॅसेटमध्ये अंतरा नव्हता.

"बुवा, याने तुमचा अंतरा येईल," तो आता म्हणाला. "तुम्ही वाजवायचा. आवाज तुमचाच येईल. मला तो एकदा तुमच्या आवाजात ऐकायचाय."

बुवांनी कीबोर्डकडे पाहिलं. मांडीवर मावेल एवढा होता. त्यांनी एक पट्टी दाबली. ती खाली गेली, वर आली.

"ह्यात आवाज आहे कुठे?"

"ह्याच्यात नाहीच. हा नुसतं सांगतो. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, किती वेळ धरली. बस, तेवढंच."

"सांगतो कुणाला?"

"कॉम्प्युटरला. गातो तो."

"आणि त्यानं ऐकलंच नाही तर?"

"तर… काही नाही, बुवा. नुसत्या पट्ट्या."

"हं…"

बुवांची मुलगी इंदूताई चहा घेऊन आली. सतरंजीवरचा पसारा पाहून तिने कप खिडकीत ठेवले.

"होईना होय रे अजून?"

"होईल, ताई."

"सकाळपासून होईलच म्हणतोयस." ती पदराने घाम पुसत दारातच टेकली. "आबांनी आज नवीन सदरा घातलाय. तू येणार म्हणून."

श्रीपादने तेव्हा पहिल्यांदा बुवांच्या सदऱ्याकडे पाहिलं. घडी मोडल्याच्या रेघा अजून दिसत होत्या. त्याला स्वतःची लाज वाटली आणि तो पुन्हा स्क्रीनकडे वळला.

"निदान एक सूर ऐकवतो. माउसने एकेकच वाजतो, पण ऐका."

त्याने स्क्रीनवरच्या चित्रातली एक पट्टी दाबून धरली.

खोलीत नरहरबुवा गायले.

भरदार, तरुण, काळी एकचा षड्ज. इंदूताईच्या तोंडाला पदर गेला. बुवा हलले नाहीत. नजर स्क्रीनच्याही पलीकडे कुठेतरी होती.

सूर चालूच राहिला. श्रीपादने बोट उचललं नव्हतं.

बऱ्याच वेळाने बुवा म्हणाले, "बरा गायचा…"

मग आणखी थोडं ऐकून, "श्वास कुठं घेतो हा?"

"त्याला लागत नाही, बुवा. पट्टी धरली आहे तोवर गात राहतो."

"हं…"

श्रीपादने बोट उचललं. सूर गेला आणि खोली आधीपेक्षा रिकामी झाली. इंदूताई आत निघून गेली.

बुवांनी खाली वाकून कीबोर्डची केबल दोन बोटांत धरली.

"ही दोरी कुठली?"

"माझी पुण्यात टेबलावरच राहिली. ही सांगलीच्या स्टँडवर घेतली. मोबाइल चार्ज करायला लोक…"

श्रीपाद तिथेच थांबला.

तो आत गेला, इंदूताईचा जुना फोन मागून आणला. त्याला ही पिन बसत होती. त्याने तो या केबलने लॅपटॉपला जोडला. फोनवर चार्जिंगची खूण आली. लॅपटॉपने फोनची दखलच घेतली नाही.

हे तो लोकांना फोनवर सगळ्यात आधी विचारायचा. केबल कुठली आहे? चार्जिंगची तर नाही?

"सापडलं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "हिच्यातून नुसती वीज जाते, बुवा. म्हणून दिवा लागतो. बोलणं जायला वेगळ्या तारा असाव्या लागतात. त्या हिच्यात नाहीतच."

"मग दुसरी घे."

"आज बाजार बंद. ताईच्या चार्जरची दोरी चार्जरलाच चिकटलेली आहे. माझ्या फोनची पिन वेगळी."

तो भिंतीला टेकून बसला. उन्हं खिडकीतून सतरंजीवर उतरली होती. मुलतानीची वेळ झाली होती. सकाळी या घरात आल्यापासून त्याने बुवांशी या यंत्राखेरीज एक शब्द काढला नव्हता. आणि रात्रीच्या गाडीने त्याला परतायचं होतं. पुढल्या खेपेला बुवा असतील का, हा विचार त्याच्या मनात आला.

"चुकलं माझं, बुवा. एवढ्या लांबून आलो आणि…"

बुवांनी हात वर करून त्याला थांबवलं.

मग त्यांनी कीबोर्ड ओढून मांडीवर घेतला. दिवा तसाच जळत होता. उजवा हात पट्ट्यांवर ठेवला. डावा हात मांडीवर.

श्रीपाद सरसावून बसला. डावा हात असा मांडीवर असला की काय असतं, ते तो विसरला नव्हता.

बोटं चालू लागली. टक्, टक्. प्लास्टिकचा तेवढाच काय तो आवाज. स्थायी होती. श्रीपादने ती मनातल्या मनात म्हटली.

बुवा थांबले. त्यांनी मुखड्याची, सुरुवातीच्या ओळीची, पहिली पट्टी पुन्हा दाबली आणि श्रीपादकडे पाहिलं.

"बुवा, मी… गाऊन फार वर्षं झाली. गळा राहिला नाही."

बुवांनी भुवई वर केली. गळ्यावरची टाक्यांची रेघ त्या उजेडात स्पष्ट दिसत होती. श्रीपादने मान खाली घातली.

आणि मग गायला.

आवाज घोगरा निघाला. षड्जावर बसेना. बोट त्याच पट्टीवर पुन्हा पडलं… पुन्हा पडलं… बसला. स्थायी पुरी झाली.

बोटं वर सरकली.

पंचम. मग खाली गंधार. तिथून पुन्हा चढायला लागली. शब्द श्रीपादला पाठ होते. चाल तेवढी त्याच्याकडे नव्हती. समोरून पट्ट्या उलट्या दिसत होत्या, तशाच त्या तेव्हाही दिसायच्या. तो एकेका बोटाच्या मागे जाऊ लागला. बोट हलकं पडलं की तो हलका झाला. बोट रेंगाळलं की रेंगाळला. वर जाताना त्याने सवयीने धैवत घेतला.

बोट निषादावर पडलं आणि वाट पाहत राहिलं.

मुलतानीत चढताना धैवत नसतो, हे त्याला माहीत होतं. पण गळ्याला माहीत नव्हतं. तो पंचमावर परत आला, धैवत ओलांडला आणि निषादावर गेला. आणि तिथून वरचा षड्ज लागला.

लागला तसा श्रीपादला रडू फुटलं. गात गातच रडला. अंतरा असा होता. इतका साधा होता. इतकी वर्षं तो जिची ओढ उरात घेऊन हिंडत होता ती चीज समोरच्या माणसाच्या पाच बोटांत होती आणि तो फक्त समोर बसला नव्हता.

आतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला.

अंतरा दोनदा झाला. बोटं स्थिर झाली.

मग श्रीपाद डोळे पुसत म्हणाला, "बुवा, पुढच्या आठवड्यात परत येतो. बरोबर केबल आणतो. हाच अंतरा तुम्ही वाजवा. मला तुमच्या आवाजात… एकदाच."

बुवांनी त्याच्याकडे खूप वेळ पाहिलं. त्या बघण्यात माया होती आणि थोडी कीवही.

मग त्यांनी वरच्या षड्जाची पट्टी दाबली. आणि दाबूनच धरली.

श्रीपाद पट्टीकडे बघत राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने सूर लावला.

बोट उठेना.

श्रीपाद गात राहिला. छाती रिकामी होत गेली. सूर थरथरला, बारीक झाला. बोट तसंच होतं. शेवटी सूर तुटला. त्याने झटकन श्वास घेतला आणि तोच सूर पुन्हा उचलला.

तेव्हा बोट उठलं.

"दम तुटला, बुवा," तो ओशाळून म्हणाला. "मघाचा तुमचा सूर कसा अखंड होता…"

बुवा हसले. कुजबूज ऐकायला श्रीपादला पुढे वाकावं लागलं.

"हा श्वास घेतो…"