पिठल्यात घातलेली रवी

डोंगरावरच्या एका गावात एक बाई राहत होती आणि एके दिवशी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. का गेली ते ऐकलंत, तर तुम्हीही तिचीच बाजू घ्याल. निदान अर्ध्या गोष्टीपर्यंत तरी.

त्या गावात चहाची कोवळी पानं सावलीत वाढवत आणि वाळवून जात्यावर दळत. जी मऊसूत हिरवी पूड निघे, तिला माचा म्हणत. ती वाडग्यात चाळून घ्यायची, वर बेताचं गरम पाणी ओतायचं आणि बांबूच्या छोट्या रवीने फेस येईपर्यंत फेटायची. ही रवी म्हणजे ताकाची रवी नव्हे. बांबूच्या एका पेराचं टोक चिरत चिरत त्याच्या केसासारख्या बारीक काड्या काढलेल्या असत. बाईची रवी तिच्या बापाने स्वतः चिरून लग्नात दिली होती. म्हातारा आता आंधळा झाला होता आणि गावात दुसऱ्या कुणाला ती विद्या येत नव्हती.

बाई त्या रवीला जिवापाड जपायची. फेटण्याआधी कोमट पाण्यात भिजवायची, म्हणजे काड्या नरम पडून मोडत नाहीत. काम झालं की नुसत्या पाण्यात खळबळून खुंटीवर वाळवायची. राख नाही, काथ्या नाही, चुलीची धग नाही. "चहाशिवाय दुसऱ्या कशाला ही लावायची नाही," असं ती नवऱ्याला बजावायची. नवरा म्हणायचा, "बरं बरं." पालथ्या घड्यावर पाणी!

त्या दिवशी बाई ओढ्यावरून धुणं घेऊन आली. बघते तर चुलीपाशी कढई, कढईत खरवडलेलं पिठलं आणि पिठल्यात तिची रवी. गुठळ्या मोडायला नवऱ्याला हीच सापडली होती. फळीवर डाव होता, पळी होती, ताकाची रवी तर डोळ्यांसमोर टांगलेली होती. आणि हा बाबा जेवून, ढेकर देऊन, पान खायला गेला होता. बेसन काड्याकाड्यांत वाळून दगड झालं होतं.

बाईने कढई उचलली आणि तेवढ्यात अंगणातून नवऱ्याची हाक आली.

"अगं, बघ कोण आलंय! आबा भेटले वाटेत. चहा कर. फेस आला पाहिजे हं!"

दारात तिचा आंधळा बाप काठी टेकत उभा होता आणि नवरा त्याचा हात धरून हसत होता. बाईच्या जिभेवर सगळं आलं होतं. पण माहेरच्या माणसासमोर नवऱ्याला कसं बोलायचं? ती "बसा आबा," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

आत गेली आणि वड्याचं तेल वांग्यावर काढायला बसली. रवी भिजवायला घालायची, तर तिने मूठभर राख घेऊन काथ्याने खसाखसा घासली. पाणी बेताचं हवं, तर उकळतंच ओतलं. पूड चाळलीसुद्धा नाही. मग रवी वाडग्याच्या तळाला टेकवली आणि दात-ओठ खात अशी रगडली, जणू खाली नवऱ्याचं डोकंच होतं. काड्या कटाकट मोडल्या. तिला ऐकू आलं. खोटं कशाला सांगू, तिला बरंही वाटलं.

तो वाडगा तिने तसाच बाहेर नेला आणि बापाच्या हातात दिला.

म्हाताऱ्याने मोठा घोट घेतला आणि कळवळून वाडगा खाली ठेवला. जिभेत बांबूचं कुसळ रुतलं होतं. हनुवटीवर रक्त ओघळलं. नवरा पाणी आणायला धावला. म्हाताऱ्याने चाचपून कुसळ उपसून काढलं, बोटांत फिरवलं आणि म्हणाला, "रवी आण."

बाईने आणली. त्याने मोडक्या काड्यांवरून अंगठा फिरवला.

"ही झिजून मोडलेली नाही. रगडून मोडली आहे. कुणी?"

"मी," बाई म्हणाली आणि मग तिचा बांध फुटला. "यांनी पिठल्यात घातली, आबा! हजारदा सांगितलं, तरी पिठल्यात घातली! यांना माझं एक अक्षर ऐकू येत नाही!"

नवरा तांब्या घेऊन तसाच उभा राहिला. "अगं, मग मला बोलायचंस ना!"

"आबांसमोर? तुमची अब्रू गेली असती!"

"माझ्या जावयाची अब्रू राखलीस," म्हातारा म्हणाला. त्याने काठी आपटली. "आणि बापाची जीभ फाडलीस. पिठलं भिजवून सुटलं असतं, पोरी. राग तुझा खरा होता. पण मला, न् या रवीला का?"

मग तो जावयाकडे तोंड करून म्हणाला, "आणि तुम्ही हसू नका, जावईबापू. तुम्हाला आधीच ऐकू आलं असतं, तर तिला गप्प बसावं लागलं नसतं."

"मी हसत नाही, आबा," नवरा म्हणाला, आणि खरंच हसत नव्हता.

पुढे नवरा बायकोचं ऐकायला शिकला आणि बाई तोंडावर बोलायला शिकली. उशिरा का होईना, शिकली. पण तशी रवी पुन्हा कुणाला करता आली नाही. त्या घरात आजही माचा चमच्याने ढवळतात आणि गुठळ्यांसकट गिळतात.

तात्पर्य: राग ज्याचा त्याच्या पदरात घालावा. मुक्या वस्तूवर काढलेला राग गुन्हेगाराला सोडतो आणि आपल्याच माणसाला रक्तबंबाळ करतो.