थांबता न येणारे हात

मरंब्याच्या कोळीवाड्यात जाकोबबाबा राहत होते, तेव्हाची ही हकिकत, भाविकहो. बाबांची झोपडी क्रुसाच्या देवळाच्या मागे. कोणी सुके बोंबील आणून दिले तर खायचे, नाही दिले तर पेज पिऊन तेवढ्याच आनंदात असायचे.

गावची रीत अशी, की शनिवारी संध्याकाळी प्रत्येकाने आपली डोल, म्हणजे समुद्रात खुंटांना बांधलेले पिशवीसारखे जाळे, काढून आणायची. रविवार देवाचा. स्वतःची होडी असलेल्या इनास तांडेलाला मात्र ही रीत जाचायची. त्याने आपले डोके चालवले. जाळे पाण्यातच ठेवायचा आणि स्वतः रविवारी मिस्साला, म्हणजे देवळातल्या प्रार्थनेला, पहिल्या रांगेत जाऊन बसायचा.

"मी कुठं काम करतो? काम जाळं करतं," असे तो मिशीला पीळ देऊन सांगे.

बाबा त्याला एकदाच म्हणाले होते, "इनास, देवाशी वकिली करू नये." इनास हसला होता.

पण सोमवारपर्यंत जाळ्यातली मासळी नासायची. म्हणून नाताळच्या आधीच्या रविवारी मिस्सा आटोपताच त्याने जाळे काढायला होडीवरच्या गड्याला, कैतानला, हाक मारली. कैतानची बायको अंथरुणाला खिळलेली. घर चालायचे ते इनासच्या होडीवर.

कैतान खाली मान घालून म्हणाला, "तांडेल, आयतार हाय. मी नाय येणार."

"बघा रे, गावात नवा संत आला," इनास किनाऱ्यावरच्या लोकांना ऐकू जाईल असे म्हणाला. "आता देवालाच सांग चूल पेटवायला. उद्यापासून माझ्या होडीला हात लावू नको."

लोक हसले. इनास एकटाच निघाला.

खुंटांपाशी पोचला तोवर धुके उतरले होते. लाट नाही, वारा नाही, एक पाखरू नाही. त्याने दोर धरला. जाळे हलकेच वर येऊ लागले. आत मासळी नव्हती. त्याने आणखी ओढले, आणखी ओढले. जाळ्याचे टोक केव्हाच यायला हवे होते, ते येईना. जाळ्याचा ढीग गुडघ्यापर्यंत आला, मग मांडीपर्यंत. होडी पाण्यात दबू लागली.

मरू दे मासळी, असे म्हणून त्याने दोर सोडायचे ठरवले. हातांनी ऐकले नाही. हात त्याचेच, पण ते ओढतच राहिले. तळव्यांची साले निघाली, दोर लाल झाला, तरी ओढतच राहिले. तो ओरडला, तर आवाज बंद खोलीत पडावा तसा जवळच पडला. आणि पाण्याखालून कोणाची तरी धाप ऐकू आली. ती त्याचीच धाप होती, फक्त जरा मागून येत होती.

होडीच्या काठावरून पाणी आत यायला लागले. तेव्हा इनासला कळले की आपण आता बुडणार, आणि बुडतानाही ओढतच बुडणार. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मनापासून देवाचे नाव घेतले.

धुक्यात वल्ह्याचा आवाज आला. शेजाऱ्याची होडी कैतान वल्हवत होता. पुढे बाबा डोळे मिटून बसले होते आणि बोटाने दिशा दाखवत होते. होडी जवळ आली तसे बाबा हळूच म्हणाले, "इनास, थांब."

हात दोरावरून सुटले. इनासने पाहिले, तर पायाशी त्याचीच जुनी डोल होती, नेहमीएवढी. ती कोरडी ठणठणीत होती.

"बाबा," तो कैतानकडे बघत म्हणाला, "आयतारी यानं माझ्यासाठी वल्हं मारलं?"

बाबा म्हणाले, "तू निघालास तसा हा माझ्या दारात येऊन तुझ्यासाठी रडत बसला. मीच त्याला होडी काढायला लावली. शेजाऱ्यावर प्रीती कर, ही आज्ञाही देवाचीच ना? बुडणाऱ्याला काढायला देव कधी मना करत नाही. आणि रविवारी तुला तो थांब म्हणत होता, ते तुझ्या हातांची दया येऊनच, बाळा."

इनासने बाबांच्या पायांवर डोके ठेवले. मग उठून, सवयीने म्हणा की लाजेने, रक्ताळलेल्या हातांनी वल्हे घ्यायला वाकला. कैतानने ते बाजूला घेतले.

"तुम्ही बसा, तांडेल," तो म्हणाला. "मी नेतो घरी."

गावासमोर ज्याला हसला होता, त्या गड्यापुढे इनासने हात जोडून मान खाली घातली. मग तो गुपचूप बसला आणि किनारा येईपर्यंत रडत राहिला.